मदत हवी आहे: ड्रम सेटमधल्या मोठ्या बेलच्या राइड झांजेचा घूम (मागे रेंगाळणारा नाद) कसा आवरायचा?

राइड २१ इंची, बी२० ब्राँझ (८० टक्के तांबे, २० टक्के कथील), वजनदार, बेल (मधला घुमट) साधारण ८ इंची, म्हणजे झिल्जन कंपनीच्या मेगा बेल राइडसारखी. स्टिकच्या खांद्याने बेल वाजवली की आवाज गिटारच्या भिंतीतूनही आरपार जातो. तक्रार तिथे नाहीच. अडचण बोवर (बेल आणि काठ यांमधल्या भागावर) आहे: सोळाव्या नोट (एका मात्रेत चार ठोके) वाजवताना ८-१० बारनंतर मागचा घूम इतका साचतो की स्टिकच्या टोकाचा 'टिंग' त्यात बुडतो. बेल मोठी असल्याने बो अरुंद, त्यामुळे टोक बेलजवळ पडले की ओव्हरटोन (उपस्वर) आणखी उसळतात.

करून पाहिलेले: विंगनट अर्धा फेरा सैल, नवे फेल्ट आणि स्लीव्ह, नायलॉन टोक (टिंग धारदार, घूम तेवढाच). काठाजवळ खालून ३ इंची गॅफर टेप लावली तर घूम उतरला, पण बेलही थोडी बोथट झाली. वरून जेल (नाद दाबणारी चिकट गोळी) तर नकोच, स्टिक अडते.

प्रश्न असा, की टेप बेलच्या मुळाशी खालून लावली तर बेल शाबूत राहील का? आणि माइक ओव्हरहेड (ड्रमच्या वर) लावण्याऐवजी बेलखाली ३-४ इंचांवर लावणाऱ्यांनी हाय-पास (खालचे स्वर कापणारा फिल्टर) कुठे ठेवला? की खरा उपाय ड्राय (कमी घुमणारी) राइड, मोठी पण लेथवर न तासलेली बेल असलेली?