गवतांच्या वंशवृक्षात पिसदुऱ्याचे जीवाश्म कुठे बसवावेत?

तृणपाते (बडोदा): नमस्कार. मी येथे वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. हरितलवकाच्या जनुकांवरून गवतांचा वंशवृक्ष तयार करून त्यातील शाखा केव्हा फुटल्या, याचा अंदाज बीस्ट या सॉफ्टवेअरने काढत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत मिळालेले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले गवताचे फायटोलिथ (पेशींत साचलेले सिलिकेचे सूक्ष्म कण) वयाची मर्यादा म्हणून आधाराला घेतले, की बहुतेक सर्व शाखांची वये बरीच मागे सरकतात. ते वगळून सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीच्या अवशेषांवर भिस्त ठेवली, तर गवते डायनोसॉरनंतरची ठरतात. यांपैकी कोणते उत्तर ग्राह्य धरावे?

खडकवाटा: त्याआधी ही मर्यादा आपण नेमक्या कोणत्या शाखाबिंदूवर लावली आहे, ते सांगावे. जीवाश्मावरून फक्त किमान वय कळते. तो गट त्याच्या कितीतरी आधीपासून असू शकतो. भातवर्गीय गवतांत फायटोलिथ डंबेलच्या आकाराचे असून पानाच्या लांबीला आडवे बसतात, आणि पिसदुऱ्याच्या काही कणांचे नाते याच ठेवणीवरून भाताशी जोडले गेले. मात्र ही ठेवण भातगटाच्या आजच्या प्रजातींचा समाईक पूर्वज अवतरण्यापूर्वीच, त्या गटाच्या मूळ फांदीवर, आलेली असू शकते. म्हणून भातगट आपल्या सर्वांत जवळच्या गटापासून जिथे वेगळा झाला, त्या बिंदूवरच मर्यादा लावणे मला सुरक्षित वाटते. एक बिंदू खाली-वर झाला, तरी वये कोट्यवधी वर्षांनी हलतात.

भूस्तर: खडकाच्या वयाबद्दल एवढेच, की हे थर लॅमेटा शैलसमूहाचे, म्हणजे क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचे आहेत. किमान मर्यादा घालताना थराचे जास्तीत जास्त नव्हे, तर कमीत कमी शक्य वय घ्यावे लागते. येथे ते ६.६ कोटी वर्षे धरावे. आपण बडोद्यातच आहात, तर बालासिनोरजवळच्या रायोलीला याच शैलसमूहाचे थर अवश्य पाहावेत.

वंशावळ: बीस्टमध्ये एकदा डीएनएची माहिती वगळून केवळ प्रायरवर, म्हणजे वयांबद्दल आपण आधीच भरलेल्या गृहीतकांवर, विश्लेषण चालवावे. अनेक मर्यादा एकत्र आल्या की त्या एकमेकींना ढकलतात आणि आपण भरलेले वयांच्या शक्यतांचे वितरण प्रत्यक्षात तसे राहतच नाही. ही तपासणी न करता छापलेल्या वयांवर माझा तरी विश्वास बसत नाही. कमाल मर्यादा शक्यतो लवचीक ठेवावी, कारण जुन्या थरात गवत सापडले नाही, एवढ्यावरून ते नव्हते असे म्हणता येत नाही. जीवाश्मांनाच वृक्षाचे घटक मानणारी, २०१४ मध्ये मांडलेली जीवाश्मीभूत जन्म-मृत्यू पद्धतही आहे. परंतु सुट्या फायटोलिथांची लक्षणे इतकी थोडी, की तिचा येथे फारसा लाभ होईल असे वाटत नाही. शोधनिबंधात दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी द्यावीत आणि फरक कोणत्या एका जीवाश्मामुळे पडतो, ते स्पष्ट लिहावे.

तृणपाते: मनःपूर्वक आभार. मर्यादा भाताच्या आजच्या प्रजातींच्या समाईक पूर्वजावरच लावलेली होती. ती एक बिंदू मागे नेऊन, आधी केवळ प्रायरवर, विश्लेषण पुन्हा चालवते.