उत्तर: जुन्या लेन्समधली बुरशी
कॅमेऱ्याची जुनी लेन्स दोन दिवस उन्हात ठेवली की आतली बुरशी जाते, असं इथे एकाने म्हटलंय. उन्हाने तिची वाढ थांबू शकते, पण आधीचे धागे तसेच राहतात. शिवाय लेन्स म्हणजे भिंगच, खाली कापड असेल तर पेटेल!

चिपळूणला जुनी ५० मिमी लेन्स घेतली, तेव्हा घरी येऊन ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण उघडलं आणि मागून तिरका टॉर्च मारला. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. कारागिराकडून साफ करून घेतली, तंतू गेले, पण काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, बुरशीने खाल्लेलं होतं, ती नक्षी कायमची. समोरून उजेड आला की फोटो धुरकट येतो.

घेण्याआधीच टॉर्च मारा, कृपया. आणि पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये लेन्स अजिबात ठेवू नका, ओल धरते. हवाबंद डबा, ओल शोषणारं सिलिका जेल, छोटा आर्द्रतामापक. डब्यात ४०-५० टक्के आर्द्रता पुरे.