पिठीत मीठ नव्हतं

(आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. आकडे म्हणजे फ्लॅटचे नंबर. सकाळपासून पाण्याच्या पंपाचं चाललंय.)

१०२ काकू (सकाळी ९.१०): पाण्याचं बोलून झालं असेल तर माझं ऐका. काल रात्री कुळथाच्या पिठीत मीठ घालायचं राहिलं. साफ विसरले. ह्यांच्यापुढे बातम्या, मुलाच्या मोबाइलवर मॅच, सूनबाई ऑफिसचं काहीतरी वाचत होती. पातेलं रिकामं झालं, पण एकानेही मीठ मागितलं नाही. मला कळलं कधी, तर पातेलं घासायला घेतलं आणि बोट लावून चाटलं तेव्हा. आणि खरं सांगते, मीही तीच पिठी जेवले होते. माझी मालिका चालू होती.

सेक्रेटरी: पाण्याचं झालेलं नाही. पंपाचा माणूस ११ ला येतोय.

२०४ सर: वहिनी, सुका बांगडा भाजला असणार. मग पिठीला मीठ लागतंच कुठे? जूनपासून बोटी बंद, घरोघरी तेच चाललंय.

१०२ काकू: काल सोमवार होता, सर. बांगडा नव्हता. पापडसुद्धा नव्हता.

२०४ सर: मग अवघड आहे.

३०१: काकू, आमच्याकडे उलटं आहे. दीड वर्षाचा बाळ्या मोबाइल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही. लावला की वरण असो नाहीतर पेज, सगळं गिळतो. काय खाल्लं विचाराल तर त्याला फक्त ट्रॅक्टर माहीत.

१०१ (आजींचा व्हॉइस मेसेज आहे, मी नातू टाइप करतोय. पेडवे म्हणजे बारीक काट्यांचे छोटे मासे, तिखला म्हणजे त्यांचं तिखट कालवण): "आमच्या वेळार पेडव्याचा तिखला जेवताना कोण मान वर करी नाय. काटो घशात गेलो तर डॉक्टर खय होतो वाडीत? आता सगळ्यांका सुरमय होई. मधलो एकच काटो, म्हणान मोबाइल बघूक गावता."

२०१: आजी 🙏 हे मात्र खरंय. मी इथे बदलीवर आलो तेव्हा पहिल्यांदा तारली खाल्ली. पाच मिनिटांत मोबाइल उलटा ठेवला. पण बाकीच्या दिवशी काय करू? एकटा जेवतो. समोरच्या भिंतीचे पोपडे मोजू?

२०४ सर: चरकसंहितेत आहारविधी सांगितलाय. तन्मना भुञ्जीत. मन जेवणात ठेवून जेवावं.

२०१: सर, त्याच्या आधीचे दोन शब्दही टाका ना.

२०४ सर: अजल्पन्, अहसन्. न बोलता, न हसता.

२०१: म्हणजे काकूंच्या घरच्या पंगतीही बंद 😄

१०२ काकू: मग चरकाचं अर्धंच घेऊ. गप्पा मारताना निदान "जरा वाढ गं" तरी म्हणतात.

३०३ (दुपारी १.४०): आत्ता ओपीडी संपली. काकू, तुमच्या पिठीसारखाच प्रयोग नेदरलँड्समध्ये झालाय, २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना सात आकडी संख्या ध्यानात ठेवायला सांगितली, काहींना फक्त एक आकडा, आणि त्याच वेळी आंबट, गोड, खारट चाखायला दिलं. डोकं गुंतलेल्यांना त्याच चवी फिक्या लागल्या, आणि त्यांनी खाल्लंही जास्त. जीभ ठणठणीत असते हो, तिच्याकडे लक्ष द्यायला कोणी मोकळं नसतं.

दुसरा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा, २०११. दोन्ही गटांना सारखंच जेवण, नऊ पदार्थ. एक गट जेवता जेवता कॉम्प्युटरवर पत्ते खेळला. त्यांना पोट कमी भरल्यासारखं वाटलं, पदार्थ कुठल्या क्रमाने खाल्ले तेही नीट आठवेना, आणि अर्ध्या तासाने बिस्किटं ठेवली तर ती जास्त संपवली. आपण किती जेवलो हे पोटासारखंच आठवणीनेही ठरतं. स्मृती गेलेल्या दोन रुग्णांना जेवणानंतर थोड्याच वेळात पुन्हा ताट दिलं, तर ते पुन्हा जेवले. हा अभ्यास १९९८ चा.

२०१: म्हणजे मला रात्री साडेदहाला फरसाण लागतं ते ह्यामुळे!

३०३: असेल. किंवा तू भातच कमी लावतोस.

३०१: ताई, बाळ्याचं सांगा ना.

३०३: जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं म्हणणं, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षं, दिवसाला तासाभराच्या वर नको. पोट भरलं की मूल मान फिरवतं. व्हिडिओ चालू असला की ते मान फिरवायचंच विसरतं.

३०१: कळतं हो. पण मला ९ ला निघायचं असतं. तासभर एकेक घास घेऊन मागे कोण फिरणार?

१०२ काकू: खाली आण त्याला. पार्किंगमधली मांजर दाखवत भरवते मी.

२०१: मांजर दाखवणं म्हणजेही लक्ष दुसरीकडेच ना, काकू?

१०२ काकू: मांजर उठून जाते रे. मग त्याला वाटीकडे बघावंच लागतं. तुझा व्हिडिओ संपतो का कधी? आणि काऊचा घास, चिऊचा घास म्हणताना तोंडात घासाचंच नाव असतं.

३०३: हे मी पेशंटना सांगणार आहे. तुमचं नाव न घेता.

३०१: एक आठवलं. माझं माहेर दापोलीकडचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी तिथेच अडकले होते. लाइट नाही, रेंज नाही, टीव्ही मुका. त्याआधी बाबा कोरोनाचे आकडे बघत जेवायचे, ताटात काय आहे विचारायचे नाहीत. वादळात आमचे दोन फणस आडवे झाले. मग रोज फणस. गरे, आठळ्यांची आमटी, आठळ्या भाजून, उकडून. मेणबत्तीपुढे बसायचो सगळे. चौथ्या दिवशी बाबा आईला म्हणाले, "हिंग बदललास का?" आई म्हणाली, तीन महिने झाले. त्या वर्षी बाकी काय खाल्लं ते काही आठवत नाही, पण ती आमटी अजून जिभेवर आहे.

१०१ (नातू): आजी म्हणते आठळ्या असतील तर पाठवा.

२०१: काकू, मग माझ्या भिंतीचं काय ठरलं?

१०२ काकू: बुधवारी आमच्याकडे जेवायला ये. मोबाइल वरच ठेवून ये.

२०१: मालिका कुठली लागते तेवढं सांगा 😄

१०२ काकू: गप.

१०२ काका (रात्री ८.५२): आज आमटी खारट झालीय.

१०२ काकू: समोर बसलेय मी. आणि मोबाइल हातात कसा तुमच्या?

सेक्रेटरी: टाकी भरली वाटतं, वरून पाणी पडतंय. कोणीतरी खाली जाऊन पंप बंद करा, मी जेवतोय.