आरंभ ‘क्लोज-अप’पासून करावा
कलात्मक चित्रपटांत काही घडतच नाही, आणि पाहायचेच असतील तर आरंभ रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्कीपासून करावा, अशी दोन मते मांडली जातात; ती दोन्ही मला पटत नाहीत. नवख्या प्रेक्षकाने इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमींचा १९९० चा ‘क्लोज-अप’ आधी पाहावा. हुसेन सब्झियान नावाचा तेहरानमधला एक गरीब, चित्रपटवेडा माणूस आपण प्रसिद्ध इराणी दिग्दर्शक मोहसिन मखमलबाफ असल्याचे भासवून एका सुखवस्तू कुटुंबात वावरतो आणि पकडला जातो. हे खरोखर घडले होते, आणि चित्रपटात सब्झियान, ते कुटुंब व मखमलबाफ स्वतःच्याच भूमिकांत आहेत. खटल्याची सुनावणी परवानगी घेऊन चित्रित केलेली असली, तरी इतर अनेक प्रसंग नंतर पुन्हा घडवून घेतलेले आहेत, त्यामुळे सब्झियान केव्हा मन मोकळे करतो आहे आणि केव्हा अभिनय, हे ठरवता येत नाही. चित्रपटाची खरी ताकद मला यातच दिसते. अटकेच्या वेळी कॅमेरा घराबाहेरच थांबून उतारावरून घरंगळणाऱ्या रिकाम्या डब्याकडे पाहत राहतो, ते अनेकांना निरर्थक वाटते. पण तोच प्रसंग पुढे घराच्या आतून दाखवला आहे, तेव्हा आधीचे ते थांबणे किती विचारपूर्वक होते हे कळते. तारकोव्हस्की त्यानंतर अवश्य पाहावेत.