प्रोस्टेटची सूज: कल्चर निगेटिव्ह, तरी दुखणं जात नाही

प्रश्न
प्रोस्टेटला (मूत्राशयाखालची पुरुषांमधली ग्रंथी) सूज म्हणून ४ आठवडे लिव्होफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) झालं. ताप नव्हता, कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ही तपासणी) निगेटिव्ह. अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत दुखतं, बसलं की वाढतं, लघवीलाही सारखं जावं लागतं. पीएसए (प्रोस्टेटमधल्या प्रथिनाची रक्ततपासणी) थोडा वाढलाय. हाच कोर्स पुढे चालू ठेवावा का?

उत्तर १
कल्चर गोळ्या सुरू असताना दिलं असेल तर त्या निगेटिव्हला फारसा अर्थ नाही. गोळ्या थांबवून काही दिवसांनी दोन नमुन्यांची तपासणी करून घ्या. आधी मधल्या धारेची लघवी, मग डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट दाबतात, आणि लगेच नंतरची पहिली १० मिली. दुसऱ्या नमुन्यात जंतू दहापट किंवा त्याहून जास्त निघाले तर मुक्काम प्रोस्टेटमध्येच. थंडी वाजून ताप असेल तेव्हा मात्र प्रोस्टेट दाबायची नसते, जंतू रक्तात उतरू शकतात.
आणि टाचेमागचा स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुखू लागला तर लिव्होफ्लॉक्सासिन त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना कळवा. हे औषध स्नायुबंध कमकुवत करतं, तो तुटूही शकतो.

उत्तर २
नीट घेतलेला तो नमुनाही निगेटिव्ह आला तर अँटिबायोटिकचा नाद सोडा. ६ महिन्यांत किमान ३ महिने दुखणं आणि जंतू नाहीत, हाच प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. नावात प्रोस्टेट असली तरी यात अनेकदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (पेल्विक फ्लोअर) आखडलेले असतात. म्हणून नेटवर वाचून कीगल (हे स्नायू आवळण्याचा व्यायाम) सुरू करू नका! आवळलेल्या स्नायूला आणखी आवळून दुखणं वाढतं. इथे सैल सोडायला शिकायचंय: पाठीवर झोपून गुडघे बाजूला पाडा, पोट फुगवत श्वास घ्या, सोडताना त्याहून जास्त वेळ लावा, ५ ते १० मिनिटं. पेल्विक फ्लोअरचं काम करणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तम. सोबत कोमट पाण्यात १५ मिनिटं बसणं, आणि सलग बैठक टाळणं.
लघवीची धार बारीक असेल तर डॉक्टर टॅमसुलोसिन (लघवीचा मार्ग सैल करणारं औषध) ०.४ मिग्रॅ देतात. पहिले काही दिवस झटकन उठू नका, चक्कर येते. वीर्य कमी किंवा अजिबात बाहेर न येणं हा त्याचाच परिणाम.

उत्तर ३
पीएसएबद्दल: सुजेनेही तो वाढतो. त्रास ओसरल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा मोजा, आधीचे २ दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळून. तेव्हाही चढलेलाच असेल तर युरॉलॉजिस्टकडे पुढची तपासणी. मधेच हुडहुडी भरून ताप आला किंवा लघवी अडली, तर वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.