कोरडवाहू ज्वारीला नुसता पीक गुणांक पुरत नाही
संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनाला (भरपूर पाणी असलेल्या गवताच्या रानातून हवामानानुसार उडणारं पाणी) पीक गुणांकाने (त्या तुलनेत पीक किती पाणी वापरतं तो आकडा) गुणलं की पिकाचा पाणीवापर निघतो, असं सांगितलं जातं; ठिबकवरच्या उसाला ते ठीक आहे. पण परभणी-बीडकडची रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवरच येते. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) १९९८ च्या पुस्तिकेतला ज्वारीचा ऐन वाढीतला १.०० ते १.१० हा गुणांक पाण्याचा ताण नसलेल्या पिकाचा आहे. ओल घटली की पानं पाणी सोडणं आवरतात, म्हणून त्या गुणांकाला ताण गुणांकाने (ओल कमी पडली की एकाहून कमी होणारा आकडा) पुन्हा गुणावं लागतं. नाहीतर पाणीवापराचं गणिती मॉडेल जमिनीत नसलेलं पाणीही पिकाला पाजतं!

शिवाय आपली काळी जमीन भेगाळते आणि भेगांतून खालची ओलही उडते. साध्या मॉडेलमध्ये बाष्पीभवन फक्त वरच्या १०-१५ सेंमी थरातून धरतात. कोळपणीने भेगा बुजवलेलं रान आणि न बुजवलेलं रान त्यात सारखंच दिसतं, हे मला फार खटकतं.