पॅट समिटला तेरा वर्षं मिळाली, हे का सांगत नाही?

रीबाउंड
काल एकांनी लिहिलं, ‘पॅट समिट २२ व्या वर्षी टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मुख्य कोच झाली. अंगात गुण असले की वय आडवं येत नाही. आजच्या तरुण कोच मुलींना संधी मिळूनही टिकता येत नाही, हा त्यांचाच दोष.’ वाचून झोप उडाली, म्हणून वेगळा धागा काढतोय.

१९७४ मध्ये ती जागा तिला मिळाली, कारण ती कुणालाच नको होती. पॅट पदव्युत्तर शिक्षण घेता घेता हाताखाली काम करायला आली होती. आधीच्या मुख्य कोच अचानक बाजूला झाल्या आणि शिटी हिच्या गळ्यात पडली. पगार महिना २५० डॉलर. गणवेश तीच धुवायची, व्हॅन तीच चालवायची. ते गणवेशही आदल्या वर्षी डोनट विकून आणलेले. एका दौऱ्यात तर सामन्याच्या आदल्या रात्री पोरी प्रतिस्पर्ध्यांच्या जिममध्येच झोपल्या. एनसीएएने (अमेरिकी कॉलेजांच्या खेळांची मुख्य संस्था) मुलींची स्पर्धा भरवायला १९८२ साल उजाडलं.

पहिलाच सामना ती मर्सर विद्यापीठाकडून ८४-८३ असा हरली. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९८७ मध्ये, म्हणजे तेराव्या हंगामात! तोवर कुणी तिला काढलं नाही.

आता बास्केटबॉलपटू लिंडसे व्हेलन बघा. दोन ऑलिंपिक सुवर्णं, मिनेसोटाची लाडकी लेक. २०१८ मध्ये ३५ व्या वर्षी आपल्याच विद्यापीठाची मुख्य कोच झाली. पहिला हंगाम २१-११. पुढे संघ घसरला, एकूण ७१-७६, आणि २०२३ मध्ये पायउतार. पाच वर्षं. पॅटच्या हिशोबाने अर्धीही नाहीत. संधी देणं सोपं असतं हो, वेळ कोण देतो?

धावतं पाऊल
साफ असहमत. रिकामी जागा मिळाली म्हणून पॅट मोठी झाली, असं म्हणताय का? त्या काळात अशा जागा गावोगावच्या कॉलेजांत होत्या. त्यातल्या किती जणींचे १०९८ विजय झाले? ३८ हंगामांत एकदाही विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नाहीत. तुम्ही ‘तेरा वर्षं मिळाली’ म्हणता तेव्हा ती दरवर्षी जिंकतच होती, म्हणून टिकली. गुडघा फाटलेला असताना त्यातून उठून १९७६ चं ऑलिंपिक खेळली, रौप्य आणलं. १९८४ ला कोच म्हणून सुवर्ण. मी स्वतः गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परत उभी राहू शकले नाही, म्हणून हे असं उडवून लावलेलं मला सहन होत नाही.

आणि व्हेलनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिने त्याआधी एक दिवस कोचिंग केलं नव्हतं. दहा-दहा वर्षं सहायक म्हणून घासणाऱ्या बायकांनी काय करायचं?

रीबाउंड
सहायकांचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

नॅशव्हिलकर
मी १९९६ पासून टेनेसीत आहे. त्या तीन वर्षांत (९६, ९७, ९८) लागोपाठ विजेतेपदं आली तेव्हा इथे पेट्रोल पंपावरसुद्धा दुसरा विषय नव्हता. चुकणाऱ्या खेळाडूवर रोखलेली पॅटची ती करडी नजर टीव्हीवर दिसली की माझी आठ वर्षांची लेक सोफ्यावर ताठ बसायची.

पुढे लेक शाळेच्या संघात गेली. कोच चोवीस वर्षांची पोरगी, पहिलंच वर्ष. तिने माझ्या लेकीला बेंचवर बसवलं, डिफेन्समध्ये पाय हलत नाहीत म्हणून. आम्ही काही पालकांनी मिळून शाळेला पत्र दिलं की बाई अननुभवी आहेत. मीही सही केली. हंगाम संपायच्या आत ती गेली. लेकीने नंतर सांगितलं, ‘बाबा, ती बरोबर होती.’ आज लेक तिशी ओलांडून गेली, पण त्या सहीचा विषय आमच्या घरात अजून निघतो. त्यामुळे रीबाउंड, मी तुमच्या बाजूने.

खडू-फळा
नॅशव्हिलकर, तुम्ही मूळ दुखणं सांगितलंत: पालक. २६ वर्षं कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतोय. पॅटसारखी नजर आज इथे टाकून दाखवा, संध्याकाळी प्राचार्यांकडे तक्रार. जरा आवाज चढवला तर पोरी रडतात, आया फोन करतात. शिस्तीशिवाय संघ होत नाही. बारावीची परीक्षा आली की मैदान बंद, वरून निकालाची अपेक्षा आमच्याकडून.

सहावी खेळाडू
सर, आवाज चढवणं म्हणजे शिस्त नव्हे. आमच्या आंतरविद्यापीठ संघाचे सर सगळ्यांसमोर माझं वजन सांगायचे. ले-अप (बास्केटजवळ जाऊन टाकायचा सोपा फटका) चुकला की म्हणायचे, ‘हिला कुणी घरी डबे पोचवायला ठेवा.’ मी विसाव्या वर्षी खेळ सोडला. आई-बाबांना कारण सांगितलं नाही, अभ्यास म्हणाले. पॅटच्या नजरेच्या नावाखाली आपल्याकडे किती जणांनी काय काय खपवलंय, ते एकदा मुलींना विचारा.

खडू-फळा
मी आयुष्यात कुणाचं वजन काढलेलं नाही. सगळ्या सरांना एका माळेत ओवू नका. उन्हात उभं राहून, खिशातून बॉलचे पैसे घालून हे ऐकायचं?

सहावी खेळाडू
तुमचं नाव घेतलं नाही. ‘पोरी रडतात’ हे तुम्ही लिहिलंत. त्या का रडतात, ते विचारलंत का कधी?

धावतं पाऊल
धागा कुठे चाललाय? पण आता बोलतेच. पॅट कडक होती, तरी तिच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. तिचा राग मुलीला पुढे ढकलणारा होता, हिणवणारा नव्हे. दोन्हींना शिस्त म्हणू नका. सहावी, तुझ्या बाबतीत झालं ते वाईटच झालं.

रीबाउंड
अवांतर थांबवून एकच. १९७२ मध्ये शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींच्या संघांच्या कोच नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. कायद्यामुळे पगार आले, तसे पुरुष आले, आणि ते प्रमाण अर्ध्याखाली गेलं. जागा फुकटात होती तोवर बाईची होती. धावतं पाऊल, यावर काय म्हणणं आहे?

धावतं पाऊल
हे माहीत होतं आणि मी ते मुद्दाम टाळलं, कबूल करते. कोच डॉन स्टेलीचंही सांगते, तुम्हाला हवंच असेल. साउथ कॅरोलिना विद्यापीठातला तिचा पहिला हंगाम १०-१८. विजेतेपद थेट २०१७ ला, नवव्या हंगामात. मग २०२२ आणि २०२४. तिला वेळ मिळाला. पण तिच्या गाठीशी टेंपल विद्यापीठातल्या कोचिंगची आठ वर्षं होती, तेव्हा अनुभवाचा माझा मुद्दा मी सोडत नाही.

खडू-फळा
नजरेबद्दल मला तुमच्यातल्या कुणाचंच पटलेलं नाही. पण एक सांगतो. माझी जुनी विद्यार्थिनी, वय २४, यंदा आमच्या मुलींचा संघ बघते. तासावर मानधन, तेही चार महिने थकलेलं. झोनल स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघायचं का, असं मला विचारलंय. मी ‘बघू’ म्हणून आलो होतो. सोमवारी जाऊन तिच्यासाठी तीन वर्षं मागतो.

सहावी खेळाडू
थकलेलं मानधनही मागा, सर.